एकशे अडुसष्टावा अंक

सा. न. वि. वि. लिहिलं आणि खोडलं.
चौदा वर्षांत आपली एकदाही भेट नाही,
तुम्हा चौघांना मायना काय घालायचा
हे शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

शनिवारी शेफील्डमध्ये गारा पडल्या.
ऑक्सलीच्या दुकानात, जिन्याखालच्या कप्प्यात
माझ्या नावाची फाईल आहे: टलपल.
तुळपुळे त्याला कधी जमलं नाही,
मीही दुरुस्त केलं नाही.
त्या नावाची बाई फक्त तिथेच राहते,
महिन्यातून एकदा, वीस मिनिटं.

त्यानं अंक दिला, पैसे घेईना.
मग घेतले. म्हणाला,
फुकट दिलं तर कुणी गेल्यासारखं वाटतं.

तुमचं निरोपाचं पान ट्राममध्ये उघडलं नाही.
प्रयोगशाळेत उघडलं, रात्री तीनला,
रक्ताच्या नळ्या गरगर फिरत होत्या तेव्हा.
लेखिकेनं आईचे आभार मानलेत,
चित्रकारानं मनगटाची माफी मागितलीय,
रंग भरणारीनं एका जांभळ्याबद्दल लिहिलंय
जो छापखान्यात कधीच नीट उतरला नाही.
अक्षरं काढणाऱ्या डेसमंडनं
नुसती सही केलीय.

डेसमंड, हे तुम्हाला.
मी आले तेव्हा इथली माणसं
अर्धे शब्द गिळून बोलायची.
वॉर्डातून फोन यायचा, मी येस, येस म्हणायचे,
आणि फोन ठेवल्यावर कागद कोरा.
तुमच्या फुग्यांतली माणसं मात्र थांबायची.
एकेक अक्षर सुटं, पोट भरलेलं,
रागावलं की जाड, घाबरलं की तिरपं,
कुजबुज असली की भोवतीची रेघ तुटक.
मी इंग्रजी ऐकायला डोळ्यांनी शिकले.
अजून कुणी हळू बोललं
की मला त्याच्याभोवती ती तुटक रेघ दिसते.

घरी तिला मी कंदीलवाली म्हणते.
डाव्या हाताच्या जागी कंदील,
बुडालेल्या गावातल्या लोकांना
त्यांच्याच घरांचे पत्ते सांगत फिरणारी.
एकोणचाळिसाव्या अंकात तिनं कंदील विझवला,
एका पोराला झोप यावी म्हणून.
सोळा पानं काळी. कोपऱ्यात फक्त
तुम्ही लिहिलेला श्वास.
त्याच महिन्यात माझ्या पोटातलं गेलं होतं.
ती पानं मी रोज एक अशी उलटली.
हे कळवायचं राहून गेलं होतं.

आता पुढच्या महिन्यापासून म्हणे नवे लोक.
माझ्या मावशीचं लग्नात नाव बदललं,
नाक तेच राहिलं.
हिचं नाव तेच राहील, नाक बदलेल.
नव्यांना मी बोल लावणार नाही,
दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात
मिठाचा डबा सापडायला वेळ लागतोच.
पण ऑक्सली म्हणाला, फाईल चालू ठेवू ना?
तेव्हा मी 'बघू' म्हटलं.
आमच्यात 'बघू' म्हणजे काय
हे त्याला ठाऊक नाही.

शेवटच्या चौकटीत ती पाठमोरी, पाण्याकडे बघत.
वर फुगा, फुग्याचं शेपूट तिच्याकडे,
आत काही नाही.
छपाईची चूक वाटली.
सकाळी दुकानात फोन केला:
त्याच्याकडच्या उरलेल्या नऊही प्रती कोऱ्या.

तो तुमचाच ना, डेसमंड?
बोलणं संपल्यावर उरलेली जागा
इतकी गोल दुसरं कोण काढणार.

नळ्यांवर नावं लिहायचा मार्कर हातात होता.
आमच्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत,
'येते' म्हणतात.
दोनच अक्षरं. सहज मावली असती.

लिहिली नाहीत.
माझं अक्षर वाईट आहे.

कळावे,
टलपल