शेरा

बजाजनगरच्या शेवटच्या थांब्यावर, पत्र्याच्या खोलीत
अकरा वर्षं मी सिटी बसच्या वेळा लिहिल्या.
आली किती वाजता, गेली किती वाजता, शेरा.
शेरा म्हणजे रजिस्टरची उजवीकडची बोटभर जागा.
'उशीर – वरात.' 'उशीर – ब्रेक.'
यापेक्षा मोठं दुःख तिथं बसत नाही.

शेवटची गाडी दहा चाळीसला.
कंपन्यांचा भोंगा अकराला.
मधल्या वीस मिनिटांवर
सहाआसनी रिक्षांचं राज्य होतं:
आत नऊ, मागं लटकलेले दोन,
हर्सूलपर्यंत साठ रुपये, बाई एकटी दिसली तर ऐंशी.
तरी मी त्यांना नावं ठेवणार नाही.
रिक्षावाला भोंग्याला हजर असायचा.
आमची गाडी वेळेवर असायची,
वेळापत्रकाच्या.

चालक, वाहक आणि चाळीस रिकाम्या सीटा
रोज रात्री नगर नाक्याकडं निघायच्या.
वर कागद जायचा: प्रवासी नाहीत.
वरून कागद यायचा: नाहीत तर फेऱ्या कमी करा.
कमी केल्या की होते तेही जायचे.
आमच्या शहराला हा हिशेब नवा नाही.
नळाला आठव्या दिवशी पाणी येतं,
तेव्हा माणूस नळाकडं बघत बसत नाही,
टँकरवाल्याचा नंबर पाठ करतो.

मग एका रात्री मुनीर पठाणनं
दहा चाळीसला इंजिन बंद केलं,
खाली उतरून मागच्या चाकाला लाथ मारली.
"काळेसाहेब, लिवा. पंक्चर."
मी बॅटरी मारून पाहिलं. चाक टणक होतं,
दगडासारखं.
"वीस मिंटं लागतील," म्हणाला
आणि विडी पेटवली.

अकरा वाजून चार मिनिटांनी गवरा आली,
मागं पॅकिंगच्या सहा जणी, रिकामे डबे वाजवत.
"आज कामून थांबली ओ गाडी?"
"पंक्चर."
"अन् उद्या?"
मुनीरनं विडी चाकावर विझवली.
"उद्याबी."

पंक्चर रोज झालं.
शनिवारी तेवीस जण, महिनाअखेरीला कंडक्टर दारात उभा.
जाहिरात कुणी केली नाही.
छावणीला उतरणाऱ्या एका सिस्टरनं घाटीत सांगितलं,
घाटीतून ते कुठं कुठं गेलं, मला माहीत नाही.
सुदाम कोरडे रिक्षा आडवी लावून म्हणाला,
"आमच्या पोटावर पाय देता का?"
देत होतो. काय सांगणार?
आता तो हर्सूलला बारापर्यंत थांबतो,
बसमधून उतरलेल्यांना आतल्या वस्त्यांत सोडतो.
पहिल्यासारखं सुटत नाही, म्हणतो,
पण नऊ जण कोंबावे लागत नाहीत.

पाचव्या महिन्यात वरून बिरादार साहेब आले.
रजिस्टर उघडलं, बोट उजवीकडून खाली नेलं.
एकशे बेचाळीस पंक्चर.
एकच गाडी, एकच वेळ, एकच हस्ताक्षर.
मला वाटलं, गेली पेन्शन.
त्यांनी तिकिटांचा हिशेब मागवला,
चहा घेतला नाही,
बराच वेळ आकड्यांवर पेन आपटत राहिले.
मग दारातून वळून म्हणाले,
"बाकीच्या गाड्या का पंक्चर होत नाहीत, काळे?"

माणूस समजदार. अहवाल त्यांनी लिहिला असणार.
पुढच्या महिन्यात बदली झाली, उदगीरकडं कुठंतरी.
अहवाल टेबलाटेबलावरून फिरत
एकदाचा मंजूर होऊन आला:
सहा नवे टायर.
वेळापत्रकात दहा चाळीस तसंच.

मुनीर त्या काळ्याभोर टायरांकडं बघत राहिला.
भोंग्याला अजून सतरा मिनिटं होती.
"आता काय लिवता?"

मी टोपण काढलं.
त्या बोटभर जागेत लिहिलं:
रेडिएटरमध्ये पाणी नाही.

या शहरात
त्यावर कुणी शंका घेत नाही.