मान

सिंदेवाहीच्या दवाखान्यात बुधवारी दाताची ओपीडी.
कौतिकाबाई नागापुरे खुर्चीत बसली ती पाय वर घेऊन,
सूप विणायला बसल्यासारखी.

गार पाणी लागलं की ठणकते, म्हणाली.
आरशानं गाल बाजूला केला.
दाढ वरून धड. कीड नाही, माथा शाबूत.
पण हिरडीला लागून, अगदी मानेशी
पाचरीएवढी खाच,
जसा कुणी बुंध्यावर पहिला घाव घातला
आणि शिदोरी सोडायला निघून गेला.

ब्रश कडक आहे का?
बरस कोठचा जी, राखुंडीचं बोट.
सुपारी? नाई.
खर्रा? हसली. तो घरचे माणसं खातेत.
मग या दाढेत धरता काय?
बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, कमची.

चाळीस वर्षं.
दोन्ही हात विणण्यात, म्हणून तोंड हा तिसरा.

मी समजावू लागलो:
चावा बसतो वर, दाढ केसभर झुकते,
ताण उतरतो मानेशी, आणि तिथला पापुद्रा...
तिनं हात वर करून थांबवलं.
पिशवीतून कमची काढली, एक टोक
माझ्या टेबलाच्या खणात अडकवलं,
दुसरं करंगळीनं दाबलं.
"पाहा न जी. दाबतो इथं, अन् तडकते तिथं.
जिथं धरलं असते, तिथंच."

माझं पाच वर्षांचं कॉलेज
त्या खणात चिमटून राहिलं.

झोपेत दात खाता?
सून दारातून बोलली, खातेत.
पोतंभर धान भरडल्यावाणी.
कोणावर, ते मी विचारलं नाही.
कौतिकाबाई खिडकीबाहेर बघत होती.
"डेपोत बांबू मागता मागता
दाताच्या कण्या झाल्या.
उरल्या त्या रातच्याला दळते."

खाच भरली. निळ्या उजेडात भरण घट्ट केलं,
चावा जरा घासून हलका केला.
कमची दातात धरायची नाही, म्हटलं.
बरं, म्हणाली,
लोक गोळ्या वेळेवर घेतो म्हणतात त्या आवाजात.

दिवाळीनंतर आली. पदराची गाठ सोडली.
आत माझं भरण,
जसंच्या तसं, कुठं टवका नाही,
पांढरं, तांदळाच्या कणीएवढं.

"पुन्हा बसवून द्या जी," म्हणाली,
"धान निघालं. तीन ढोल्या सांगितल्या आहेत."