ऐकणारं घड्याळ

शीतलनं जर्मनीहून घड्याळ पाठवलं.
पांढरी तबकडी, काळे काटे, मागं एकच बटण.
माहितीपत्रक अकरा भाषांत, त्यात आपली नाही.
मी वाचते, अण्णा ऐकतात,
गुडघ्यावर जुन्या सवयीनं फडकं.

"हे वेळ आपली आपण लावून घेतं," मी सांगते.
"कुठनं?"
"फ्रँकफर्टजवळ मनोरा आहे. तो रात्रंदिवस वेळ सांगत असतो,
ह्याच्या पोटात तेवढंच ऐकणारा कान."
अण्णा फडक्याची घडी घालतात, मोडतात.
"म्हंजे भोंगाच की."

एकतीस वर्षं कारखान्याचा भोंगा अण्णांच्या हातात होता.
आठ, चार, बारा.
साखळी ओढली की वाफेचा आवाज
उसाच्या फडांवरून पार दुधगावापलीकडं जायचा,
पाळीवरची माणसं सायकलला टांग मारायची
आणि चावीची घड्याळं रस्त्यात उभ्या उभ्या
दोन मिनिटं पुढं व्हायची.
मी जन्मले त्या रात्री
बारा वाजून नऊ मिनिटांनी बारा वाजले.
गावात कुणाचीच तक्रार नाही.

सेल नवा घ्या. खुणेप्रमाणे घाला. काट्यांना हात लावू नका.
मी घातला. काटे सरसर फिरले
आणि बारावर एकमेकांवर चढून थांबले.
"बिघडलं?"
"नाही. ऐकतंय."
पत्रक म्हणतं, टीव्ही, फ्रिज, लोखंड यांपासून लांब ठेवा.
अण्णांनी टीव्हीचा प्लग काढला, पंखा बंद केला,
खिडकीच्या गजांकडं संशयानं बघितलं,
आणि मला म्हणाले, हळू बोल.

रात्री लहरी लांबवर येतात, असंही लिहिलेलं.
म्हणून ते रात्रभर सोप्यातल्या पाटावर, पश्चिमेकडं तोंड करून.
सकाळी बारा.
दुसऱ्या सकाळीही बारा.

मग बारीक अक्षरं वाचली:
मनोऱ्यापासून दोन हजार किलोमीटर, त्यापुढं हमी नाही.
आणि पोचलाच असता भोंगा, तरी वेळ तिकडची;
बटण सरकतं तासा-तासानं,
आपलं अंतर उन्हाळ्यात साडेतीन.
तो अर्धा तास कुठल्याच बटणात नाही.
"दिवस बुडायच्या आत जेवायचं असतंय मला," अण्णा म्हणाले,
"अर्धा तास कुणाच्या भरवशावर सोडू?"

पान सतरा: हातानं लावणे.
बटण दाबून धरलं, काटे निघाले,
एक, दोन, तीन,
चारला एक मिनिट कमी असताना अण्णांनी बोट उचललं.
"शीतलला फोन लाव."
त्याच्या स्वयंपाकघरात ह्याचंच जुळं घड्याळ,
तिकडं साडेबारा व्हायला आलेले.
"मी सांगतो, अण्णा. थांबा.
थांबा.
आता!"
अण्णांनी दाबलं, आणि दाबताना
दुसरा हात वर गेला,
साखळी नसलेल्या जागी.

स्टुलावर मी चढले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी चढायचं नाही,
हे पत्रकात नाही, घरात ठरलेलं आहे.
अण्णांनी स्टूल धरलं. खिळा हलतो का, दोनदा विचारलं.
पलंगावर नको, म्हणाले, झोपेत डोक्यात पडंल.
जुना सेल त्यांनी वेगळ्या डबीत ठेवला,
पोरांच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर,
आणि घड्याळाच्या पाठीवर पेन्सिलीनं तारीख टाकली.
खाली लिहिलं: वेळ शीतलकडून.

रोज रात्री दोनला ते अजून कान देतं.
सेल उगाच खर्च होतो, बंद करता येतं ते, मी म्हटलं.
अण्णा कुशीवर वळले.
"राहू दे. ऐकतंय तर ऐकू दे."