मिठाची गुळणी

पलीकडे मीठ, अलीकडे मीठ,
मधे नेमेसिया आयाविरीचं शेत,
तुनुपाच्या डोंगराला टेकून बसलेलं
म्हाताऱ्या लामासारखं,
उठायची घाई नसलेलं.

इथे पेरायचं म्हणजे आधी खणायचं.
वरची वाळू खोटी.
कोपरापर्यंत हात आत गेला
की बोटांना लागतो
मागच्या साली पडलेल्या पावसाचा गारवा.
तिथे ठेवायचा मूठभर किनोआ,
एकट्या दाण्याला पाठवायचं नाही.
घोळक्याने उगवतात. कडेची रोपं
वाऱ्याची वाळू अंगावर घेतात आणि जातात,
मधली एक-दोन उभी राहतात.
गेलेल्यांची मोजदाद कोणी ठेवत नाही.

दुपारी ऊन असं,
की दगडाची सावलीसुद्धा दगडाखाली जाते.
पानं तेव्हा उन्हाला तोंड देत नाहीत,
कड देतात.
अंगावरची बारीक बारीक तोंडं मिटून घेतात,
भूक मारतात
पण घोटभर पाणी बाहेर जाऊ देत नाहीत.
आणि रात्री याच पानांवर
बर्फ धरायला येतो.

ओरुरोच्या प्रयोगशाळेतून एक मुलगी आली,
मार्लेन लुपा. ओठ उललेले, हातात भिंग.
कोवळ्या पानावरची पांढुरकी चमक दाखवून म्हणाली,
हे काय?
दव, नेमेसिया म्हणाली. आई पण दवच म्हणायची.
दुपारी एक वाजता, मावशी?

भिंगाखाली पानभर काचेचे मणी,
एकाला एक खेटून, तट्ट फुगलेले.
मुळांतून वर आलेलं मीठ, मार्लेन सांगत होती,
हे झाड बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवतं.
हां, म्हणजे भावजयीच्या माहेरच्यांना
आम्ही ठेवतो तसं.
मार्लेन हसली, उललेल्या ओठातून रक्त आलं.
थोडं मीठ आतही ठेवतं, ती ओठ पुसत म्हणाली,
त्याच्याच जोरावर खाऱ्या मातीतून पाणी ओढतं.
नेमेसियाने भिंग परत केलं.
चोरालाच पखाल वाहायला लावायची.
वहीत हे लिहून घेतलं की नाही
तिने वाकून पाहिलं नाही.

आमच्याकडे गप्प राहणाऱ्याने
मिठाची गुळणी धरली म्हणतात.
तिच्या भाषेत काय म्हणतात, मला ठाऊक नाही.
पण रविवारी सीमेपलीकडून, कलामाहून, फोन येतो,
भाव चढला त्या साली विल्मेरने लाल ट्रक घेतला,
भाव पडला तेव्हा आधी ट्रक गेला,
मग त्याच रस्त्याने विल्मेर.
कशी आहेस?
बरी आहे.
शेत?
उभं आहे.
पाऊस?
येईल.

एप्रिलात कणसं लाल होतात, पिवळी होतात,
काही जांभळी, वांग्यासारखी.
कापणी, झोडपणी, मग दगडी कुंडात
पांढऱ्या मातीबरोबर दाणे घालून
अनवाणी पायांनी तुडवायचे. कडू साल निघेपर्यंत.
कंबर भिंतीला, हात दोरीला,
टाचा गरगर.
आणि शेवटी धुवायचे.
एक पाणी, दोन पाणी, फेस काही सरत नाही,
पाच, सहा.
ज्या झाडाने थेंब थेंब राखला
त्याच्या दाण्यांना अर्धं पिंप लागतं.
नेमेसिया दरवर्षी याच वेळी चिडते,
आणि चिडते ती झाडावर नव्हे.

यंदा शेंड्याकडे पाहताना तिला दिसलं,
बुडाची पानं मीठ भरून पिवळी पडलेली,
झाडाने सोडून दिलेली. एक खाली होतं,
बुटाला चिकटलं. ते तिने तसंच घरात आणलं.

रविवारी फोन वाजला.
कशी आहेस?
विहीर खारी झाली, ती म्हणाली.
पलीकडे बराच वेळ फक्त वारा,
तिकडचा की इकडचा, कळत नव्हतं.
किती खारी?
पिववत नाही.
चहाला चालते.
साखर जास्त घालते मी.