ना-देय

सात सह्या गोळा करायच्या होत्या एका कागदावर.
जिमखान्यात चार वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं,
तरी तिथल्या क्लार्कनं रजिस्टर उघडलं,
बोट फिरवत माझं नाव नसल्याची खात्री केली
आणि लिहिलं : येणे बाकी काही नाही.

वसतिगृहाचं एक कुलूप भरून दिलं, एकशे वीस रुपये.
ग्रंथालयात गवतांची जाडजूड सूची माझ्या नावावर निघाली.
तीन वर्षं ती उशाला होती.
दंड बाईंनीच माफ केला,
म्हणाल्या, जाणाऱ्याकडून काय घ्यायचं.

इंगवले मॅडमशी भांडण नव्हतं.
हे सांगून सांगून थकलो.
भांडण असतं तर बरं झालं असतं,
दोघांनी निदान आवाज तरी चढवला असता.
माझं दुसरं प्रकरण त्यांच्या टेबलावर
दोन पावसाळे पडून होतं.
परत आलं तेव्हा पान सत्तेचाळीसवर
चहाच्या कपाचं तपकिरी वर्तुळ.
सगळ्या प्रकरणावर तेवढाच शेरा.

पुण्यात समितीसमोर म्हटलं,
मसाईच्या पठारावरच्या गवतांवर काम करतो.
एक सर हसले. वाईट नव्हते.
'करतो? अहो, करते म्हणा.'
म्हटलं, करते.
दुसऱ्याची कवळी तोंडात बसवल्यासारखं
उरलेली वीस मिनिटं बोलत राहिलो.

जागा मिळाली.
जुनी चार वर्षं मात्र धरणार नाहीत.
कोर्सवर्क पुन्हा, आराखडा पुन्हा,
नोंदणीची तारीख नवी कोरी.
आई म्हणाली, 'म्हंजे धावीतली पोर
परत सातवीत बसवल्यागत की गं.'
आबा शिरोलीच्या फौंड्रीत, साच्याच्या काळ्या मातीत
एकतीस वर्षं.
जेवताना गप्प होते.
हात धुऊन टॉवेल शोधता शोधता म्हणाले,
'जॉब रिजेक्ट झाला की फोडून परत भट्टीत घालतोय आम्ही.
लोखंडाला कुठं लाज वाटतीया?'
आणि पाठ फिरवल्यावर, थोड्या वेळानं,
'कोळसा तेवढा परत जाळाय लागतोय.'

तीनशे अठ्ठ्याऐंशी नमुने,
महापुराच्या बातम्यांच्या कागदांत दाबून वाळवलेले.
ते विभागाची मालमत्ता. राहणार इथंच.
प्रत्येक चिठ्ठीवर माझं तिरकं अक्षर :
ठिकाण, उंची, तारीख,
गोळा करणाऱ्याचं नाव.
शिवलिंगमामांनी कपाटं मोजून घेतली,
जिभेवर बोट लावत, मोठ्यानं,
बाजारात पेंढ्या मोजाव्यात तशी.
दोनदा चुकले. दोनदा पहिल्यापासून सुरू केलं.
मी मध्ये बोललो नाही.

पठारावर धुकं उतरलं होतं त्या दिवशी
माझ्या चपलेचा अंगठा तुटला,
त्यांनी कुंपणाची तार वाकवून शिवून दिला होता.
पुढे सगळा हंगाम मी त्याच चपलेवर काढला.
हे कुठल्या रकान्यात भरायचं ते फॉर्ममध्ये नाही.

विचारलं, 'मामा, माझ्याकडं काय बाकी?'
ते खरंच आठवू लागले.
'दाबफळीचे दोन पट्टे,' म्हणाले.
'आन् परवाच्या चहाचे वीस रुपये.'
पट्टे पिशवीत होते. पैसे दिले.
त्यांनी वरच्या खिशात घातले
आणि शिक्का मारायला कागद ओढला.
शाई सुकलेली. पॅडवर दोन थेंब पाणी टाकून
पुन्हा मारला.
पुसट उठला, पण वाचता येतो.

मोज्यांत अजून कुसळं आहेत,
मागच्या ऑक्टोबरची.
धुतली तरी निघत नाहीत,
घोट्याला अधूनमधून टोचतात.
ती कुणी मोजली नाहीत. मीही सांगितलं नाही.

दारात उभं राहून म्हटलं, 'येतो, मामा.'

त्यांनी मान वर केली नाही.
'दार ओढून घे,' म्हणाले,
'दमट हवा लागतीया नमुन्यास्नी.'