अक्षरी दहा

मेडिकलच्या ओपीडीत कूलरच्या वाळ्याला
मे महिन्यात ओल्या अंगणाचा वास येतो.
लोकांना वाटतं, इथे जरा बरं वाटेल.

यशवंत निपाने, वय त्रेपन्न, तांडापेठ.
खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेली तीस वर्षं
आता कमरेत वसुलीला आलीत.
एमआरआय साडीच्या दुकानाच्या पिशवीत.

"थे पांढरी गोयी द्या ना मॅडम.
जावयानं आणली होती. मस्त उतरते जी."

किती घेता दिवसाला?
"एक."
मागे भिंतीला टेकलेली शेवंताबाई
पदराआडून तीन बोटं दाखवते.

मग मी ते सगळं विचारते
ज्याला दोन मिनिटं लागतात,
आणि बाहेर सत्तर जण असताना दोन मिनिटं फार असतात.
दारू? "सणावारी."
या वेळी बोटं नाहीत, शेवंताबाईची मान फक्त खाली जाते.
झोपेची गोळी? घोरता का, मध्येच श्वास अडकल्यासारखा?
पोट साफ होतं?
इथे ते पहिल्यांदा खरं बोलतात:
"चार दिवस झाले."

कारण एकदा मी विचारलं नव्हतं.
टेकाडे सर, महालातले, चित्रकलेचे.
कागदावर कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं,
मी खाली दोन शब्द जोडले: चालू ठेवा.
शाईला वजन नसतं असं वाटायचं तेव्हा.
उशाशी दुसऱ्या डॉक्टरची झोपेची गोळी होती.
ते दोन कागद एकमेकांना कधीच भेटले नाहीत.
गोळ्या भेटल्या, एका शनिवारी रात्री,
आणि सकाळी सर हलवूनही उठेनात.
वाचले.
त्यांची मुलगी म्हणाली, आवाज न चढवता,
"मॅडम, तुम्ही बघितलं होतं ना?"

म्हणून आता मी आकडा चेकवर लिहितात तसा लिहिते.
१०. अक्षरी दहा.
शून्याला कुणी शेजारी बसवू नये म्हणून.
सकाळी एक, रात्री एक, पाच दिवस.
सांगते, कळ शून्यावर येणार नाही,
ते शून्य माझ्याकडे नाही.
तासभर मागावर बसता आलं तर पुष्कळ.
गाडी चालवू नका. व्यायामाचा हा कागद भिंतीवर लावा.
साडू असो, शेजारी असो,
कुणाच्याही कमरेला ही उसनी द्यायची नाही.

चौथ्या दिवशी ते एकटेच आले.
जांभयांवर जांभया, नाक गळतंय, दंडावर काटा,
बाहेर शेहेचाळीस डिग्री.
"उंदरानं नेल्या जी."

दहा भागिले तीन.
उंदीर हिशेबाला पक्का होता.

हाकलता आलं असतं. पूर्वी हाकललेही आहेत काही,
ते कुठे गेले असतील ते मी विचारलं नाही,
कागद न मागणारी दुकानं आहेतच.
तेवढ्याच पुन्हा लिहूनही देता आल्या असत्या,
तो तर सगळ्यांत झटपट उपाय.
मी खुर्ची ओढली. बसा. आधी पाणी प्या.
"उंदराला किती लागतात दिवसाला?"
ते बराच वेळ फरशीकडे बघत राहिले.
"तीन. कधी चार."
"आणि कळ?"
"थे तं हायेच."

शेवंताबाईला फोन लावला.
"लोखंडी पेटी हाये जी, लग्नातली.
किल्ली मायाच कमरेले राहते."
एकाच्या कमरेत कळ, एकीच्या कमरेला किल्ली.
हातावर रोज दोन, तीन दिवस,
गुरुवारी दोघांनी मिळून यायचं,
मग थोडी आणखी कमी, घाई नाही.
दारूबद्दल तेव्हाच बोलू, पण बोलू.

६. अक्षरी सहा.
पेन अडकलं, स गिचमिड झाला,
घाईत बघणाऱ्याला दहा वाटावेत असा.
बाहेर कुणीतरी दार वाजवत होतं.
मी कागद फाडला
आणि दुसरा घेतला.