त्या बुधवारी गॅस संपला होता

भिंतीला नको लावूस, केया, फाटेल.
खाली पसर. कोपऱ्यांवर चपला ठेव,
पंख्यानं उडतंय.

हे एकोणीसशे सत्त्याऐंशी.
चित्रातली दाऊ ह्याच सूरच्या खाडीतली,
खाली दुकानाचं नाव:
खमीस बिन जुमा, दोर, खिळे, डांबर.
खमीस म्हणजे गुरुवार, जुमा त्याचा बाप, म्हणजे शुक्रवार.
हसू नका. आपल्या गावातही
सोमा होता, बुधाजी होता.

नाही, रविवार लाल नाही. नीट बघ.
लाल आहे तो शुक्रवार.
रविवारी मी दिवसभर बोटीच्या पोटात,
कानांत कापूस, हातात रंधा,
आणि वेंगुर्ल्याला तेव्हा सगळे
दुपारचे जेवून झोपलेले.

निहार फोन काढतो, बोट ठेवून ताडतो:
एक जानेवारी गुरुवार. इथेही गुरुवार.
आजोबा, हे तर ह्याच वर्षाचं!

होय रे. वर्षं फिरून येतात
एस.टी.सारखी. पाटी तीच,
आतली माणसं दुसरी.
पण ईद बघ. तेव्हा मे संपताना होती,
यंदा मार्चमध्येच झाली.
चंद्राचं वर्ष अकरा दिवसांनी आखूड,
त्यामुळे सरकत सरकत रमजान
सगळे ऋतू फिरून पुन्हा पुढे निघालाय.
आपलं पंचांग मात्र, वाढत्या पोराच्या चड्डीला
खाली पट्टी जोडावी, तसा
मध्येच एखादा अधिक महिना जोडतं,
म्हणून दिवाळी थंडीच्या आसपासच राहते.

त्रिकोण म्हणजे पगार.
फुली म्हणजे मी पत्र टाकलं. गोल म्हणजे मला आलं.
फुलीपासून गोलापर्यंत मोज.
चौतीस? बरोबर. सतरा जायला, सतरा यायला.

म्हणजे मेसेज सतरा दिवस जात होता?
होय. आणि निळी टिक नव्हती.

आता सप्टेंबर काढ. नऊ तारीख.
काय लिहिलंय, वाच मोठ्यानं.
"गॅस संपला. सुरमई अर्धी.
कॅरममध्ये जिंकलो."

केया वाचते, थांबते.
नऊ सप्टेंबर तर आईचा वाढदिवस.
दोघं माझ्याकडे बघतात,
जणू मीच केक खाली पाडलाय.

तुम्हाला माहीतच नव्हतं?

तार केली असती तर कळलं असतं.
पण तार आली की आमच्याकडे
आधी रडून घ्यायचे, मग उघडायचे.
म्हणून तुमच्या पणजोबांनी पत्रच टाकलं:
मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत,
पितृपक्षामुळे बारसं लांबवलंय, नाव कळवा.

हा बघ गोल, सव्वीस तारीख, शनिवार.
शाईनं कागद फाटलाय इतका दाबून काढलेला.
सतरा दिवस मी बाप होतो
आणि पत्ते पिसत होतो, मासे साफ करत होतो,
उकाड्याला शिव्या देत होतो.

धावत गेलो खमीसकडे. त्यानं वार विचारला.
बुधवार, म्हटलं.
मग नाव सोपं आहे, म्हणाला, बुधवारच ठेव.
हलवा दिला, दोराचे पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी फुली. ही.
कळवलं: सुरंगी.
फूल तिकडचं, सूर इकडचा.
ते पोचायला आणखी सतरा दिवस,
तोवर तिला नुसतंच बाय म्हणत होते.

निहार काही बोलत नाही.
केया पेन शोधून आणते. लिहू का इथे?
जागा नाही गं, चौकोन भरलाय.
तरी ती वाकते, जीभ दातांत धरते,
आतून सुरंगी विचारते, एवढं शांत शांत का,
आणि बारीक, वेड्यावाकड्या अक्षरांत
जुना बुधवार पुरा होतो:

गॅस संपला. सुरमई अर्धी.
कॅरममध्ये जिंकलो.
आई झाली.